शत्रूच्या तोफा वितळवून पाडलेलं पदक: इटलीची लष्करी पदकं वाचायची कशी

इटालियन पदकांचा संग्रह कुठून सुरू करावा असं कुणी विचारलं, तर मी सोन्याचांदीचं नाव घेत नाही. पहिल्या महायुद्धाचं ब्राँझचं स्मरणपदक घ्या, असं सांगतो. ते लाखोंनी पाडलं गेलं, त्यामुळे आजही सहज मिळतं आणि खिशाला परवडतं. व्यास साधारण 32 मिलिमीटर. पुढच्या बाजूला पोलादी शिरस्त्राण घातलेला राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल, भोवती 'इटलीच्या एकीकरणासाठीचं युद्ध 1915-1918' अशा अर्थाची इटालियन अक्षरं. मागच्या बाजूला सैनिकांनी उचलून धरलेली ढाल, तिच्यावर पंख पसरलेली विजयदेवता, आणि कडेने कोरलेले चार शब्द: 'कोनियाता नेल ब्रोंत्सो नेमिको'. म्हणजे शत्रूच्या ब्राँझमधून पाडलेलं. ऑस्ट्रिया-हंगेरीकडून हिसकावलेल्या तोफा वितळवून हे पदक केलं, अशी ती ग्वाही आहे.

29 जुलै 1920 च्या राजाज्ञेने हे पदक सुरू झालं. त्यावरचा मजकूर नीट वाचला की एक प्रश्न पडायला हवा. इटलीचं राज्य 1861 मध्ये स्थापन झालं, रोम 1870 मध्ये हाती आलं. मग 1915 चं युद्ध 'एकीकरणासाठी' कसं?

उत्तर पदकाच्या फितीत आहे. हिरवा, पांढरा, लाल, पुन्हा हिरवा, पांढरा, लाल, अशा बारीक उभ्या रेघांची ही फीत 1920 मध्ये नव्याने बनवलेली नव्हती. 1865 मध्ये एकीकरणाच्या लढायांतल्या सैनिकांसाठी जे चांदीचं पदक काढलं, त्याचीच फीत पंचावन्न वर्षांनी जशीच्या तशी उचलली. आल्प्सच्या बर्फात आणि इसोन्झो नदीच्या काठच्या खडकाळ पठारावर मेलेली माणसं 1848 मध्ये सुरू झालेल्या एकीकरणाच्या कामातच कामी आली, असं राज्यकर्त्यांना लोकांना सांगायचं होतं. त्रेन्तो आणि त्रिएस्ते ही इटालियन बोलणारी शहरं 1915 मध्येही ऑस्ट्रियाकडेच होती, म्हणून या युद्धाला 'चौथं स्वातंत्र्ययुद्ध' म्हणण्याची रीत पडली. सुमारे सहा लाख सैनिक ज्यात गेले त्या युद्धाला अर्थ देण्याचा हा प्रयत्न होता. तो पटो न पटो, फितीचा रंग ओळखता येत नसेल तर तो दिसतच नाही.

पदक वाचणं म्हणतो ते हेच. धातू, चित्र, फीत, पट्टी आणि कोरलेलं नाव, प्रत्येकात काहीतरी नोंदलेलं असतं. इटलीची पदकं मला या बाबतीत फार श्रीमंत वाटतात, कारण हा देश सव्वाशे-दीडशे वर्षांत तुकड्यातुकड्यांच्या संस्थानांतून राजेशाहीत, राजेशाहीतून हुकूमशाहीत आणि तिथून प्रजासत्ताकात गेला, आणि दर वळणावर पदकाचा चेहरा बदलला.

निळ्या फितीचं घराणं

मूळ सापडतं तुरीनच्या सव्हॉय घराण्यात. हे घराणं आधी सार्डिनियाच्या आणि 1861 पासून इटलीच्या गादीवर होतं. सार्डिनियाचा राजा तिसरा व्हिक्टर अमेडियस याने 21 मे 1793 रोजी शौर्यासाठी सोन्याचं आणि चांदीचं पदक सुरू केलं. त्या वेळी क्रांतिकारक फ्रान्सशी युद्ध चालू होतं. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हे पदक साध्या शिपायांसाठी आणि त्यांच्यावरच्या छोट्या हुद्द्यांसाठी होतं. युरोपात तेव्हा मानाचे क्रॉस खानदानी अधिकाऱ्यांच्या छातीवर जात. शिपायाला फार तर बक्षिसाचे पैसे मिळत.

नेपोलियनच्या काळात ही प्रथा बुडाली. 1815 मध्ये ती थोडे महिने परत आली आणि पुन्हा बंद झाली. तिला कायमचं रूप दिलं राजा चार्ल्स अल्बर्टने, 26 मार्च 1833 रोजी. ब्राँझचा वर्ग 1887 मध्ये जोडला गेला. आजही इटलीत शौर्यपदकाचे सोनं, चांदी, ब्राँझ हे तीन वर्ग आणि त्याखाली शौर्याचा क्रॉस, अशी उतरंड आहे. पदकांची फीत निळी. हा सव्हॉय घराण्याचा निळा. इटलीचा फुटबॉल संघ याच निळ्यात खेळतो. राजघराणं गेलं, निळा राहिला.

राजेशाहीतल्या शौर्यपदकाच्या पुढच्या बाजूला मुकुट असलेली सव्हॉयची ढाल असते, तिच्यावर साधा क्रॉस, बाजूंना ताडाची आणि लॉरेलची फांदी, आणि 'अल व्हालोरे मिलितारे', म्हणजे लष्करी शौर्यासाठी, हे शब्द. मागे लॉरेलच्या दोन फांद्यांचं वर्तुळ. मधली जागा मोकळी सोडलेली असते, कारण तिथे वीराचं नाव कोरायचं असतं. भोवती लढाईचं ठिकाण आणि तारीख. संग्राहकाच्या दृष्टीने सगळं मोल या मोकळ्या जागेत आहे.

छातीवर पूर्ण पदकाऐवजी नुसती फीत लावली असेल, तर तिच्यावरचा छोटा पाचटोकी तारा बघायचा. तारा सोनेरी, रुपेरी किंवा ब्राँझचा, त्यावरून वर्ग कळतो. जुन्या फोटोंत हा तारा शोधणं हे संग्राहकाचं आवडतं काम असतं.

पट्टीवरची सालं

आता 1865 च्या त्या चांदीच्या पदकाकडे येऊ. पुढे दुसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलचं शिर, मागे उभी इटली-देवता. सावरकरांमुळे मॅझिनीचं नाव आणि त्याच्यासोबत गॅरिबाल्डीचं नाव मराठी घरांत शंभर वर्षांपूर्वीच पोचलं होतं. या पदकाच्या फितीवर सरकवलेल्या चांदीच्या पट्ट्या म्हणजे त्याच कथेची प्रकरणं आहेत: 1848, 1849, 1855-56, 1859, 1860-61, 1866, 1867, 1870. ज्या सैनिकाने ज्या मोहिमेत भाग घेतला, त्या सालाची पट्टी त्याला मिळे. तीन-चार पट्ट्या असलेलं पदक म्हणजे वर्षानुवर्षं लढलेला माणूस.

यात 1855-56 हे साल बुचकळ्यात टाकतं. ते क्रिमियाचं युद्ध. काळ्या समुद्राच्या काठी रशियाशी लढण्याचा इटलीच्या स्वातंत्र्याशी काय संबंध? संबंध पंतप्रधान काव्हूरच्या डोक्यात होता. सार्डिनियाला रशियाशी भांडायचं कारण नव्हतं, पण ब्रिटन आणि फ्रान्सच्या बाजूने सैन्य पाठवलं तर तहाच्या वेळी मोठ्या राष्ट्रांच्या पंगतीला बसून इटलीचा प्रश्न मांडता येणार होता. जनरल ला मार्मोराच्या हाताखाली सुमारे 15 हजार सैनिक गेले, 16 ऑगस्ट 1855 ला चेर्नाया नदीवर लढले, आणि 1856 च्या पॅरिस परिषदेत काव्हूर बसला. तीन वर्षांनी फ्रान्स ऑस्ट्रियाविरुद्ध सार्डिनियाच्या बाजूने उतरला. क्रिमियाची पट्टी स्वातंत्र्ययुद्धाच्या पदकावर आली ती यामुळे.

याच मोहिमेतून संग्राहकांत फार मागणी असलेली एक गोष्ट निघाली. सार्डिनियाने आपलं चांदीचं शौर्यपदक दोस्त सैन्यांनाही दिलं. ब्रिटिशांना 450 मिळाली, त्यातली 400 भूदलाला आणि 50 नौदल व मरीन्सना. मागच्या बाजूला 'पूर्वेची मोहीम 1855-1856' असा मजकूर असतो. पदक इटालियन, नाव इंग्रज, लढाई रशियाशी. अशा नगाची वंशावळ, म्हणजे तो कुणाकडून कुणाकडे आला याची नोंद, नीट असेल तर किंमत गगनाला भिडते, आणि म्हणूनच इथे नकलाही खूप आहेत.

गॅरिबाल्डीच्या हजारभर स्वयंसेवकांच्या, म्हणजे 'हजारांच्या' पदकाचं वेगळेपण असं की ते राजाने दिलेलं नाही. 5 मे 1860 ला जिनोवाजवळच्या क्वार्तोहून निघालेली स्वयंसेवकांची तुकडी 11 मे ला सिसिलीत मार्सालाला उतरली आणि महिन्याभरात पालेर्मो मोकळं झालं. त्या शहराच्या नगरपालिकेने आपल्या मुक्तिदात्यांसाठी हे पदक पाडलं. त्यावर 'ज्या शूरांचा नायक गॅरिबाल्डी होता त्यांना' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि मार्साला, कालाताफिमी, पालेर्मो ही नावं. पुढे सरकारने प्रसिद्ध केलेल्या अधिकृत यादीत 1089 नावं आहेत आणि त्यात एक स्त्री आहे, रोझालिया मोंमासाँ. एका शहराने कृतज्ञतेपोटी काढलेल्या पदकाला राजाच्या पदकाइतकाच मान मिळाला, हे मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचं वाटतं.

महायुद्धाचा ढीग

इटालियन पदकं म्हणून बाजारात जे दिसतं त्यातलं बहुतेक 1915 ते 1918 च्या युद्धाचं असतं. सुरुवातीला सांगितलेल्या ब्राँझ पदकासोबत सहसा आणखी दोन नग येतात.

एक युद्धक्रॉस. 19 जानेवारी 1918 ला सुरू झाला, म्हणजे कापोरेत्तोच्या दारुण पराभवाला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा. सैन्याचं मनोबल ढासळलं होतं, आणि शौर्यपदकाइतकं मोठं कारण नसलं तरी खंदकात टिकून राहिलेल्या माणसाला काहीतरी देणं गरजेचं होतं. ब्राँझचा क्रॉस, वरच्या हातावर राजाची मुकुटासह आद्याक्षरं, आडव्या हातांवर 'मेरितो दी गुएर्रा' म्हणजे युद्धातली कामगिरी, खालच्या हातावर उभी रोमन तलवार. मागे मधोमध तारा आणि त्यातून फुटणारे किरण. फीत निळी, त्यावर दोन पांढऱ्या रेघा.

दुसरं दोस्तराष्ट्रांचं विजयपदक. याची कल्पना फ्रान्सच्या मार्शल फॉशची. ठरलं असं की प्रत्येक विजयी राष्ट्राने आपापल्या कलाकाराकडून पदक घडवून घ्यावं, पण व्यास 36 मिलिमीटर आणि फीत दोन इंद्रधनुष्यं एकमेकांना जोडल्यासारखी, मध्ये लाल, ही सगळ्यांची एकच. इटलीचं पदक गाएतानो ओर्सोलिनीने घडवलं. त्याची विजयदेवता चार सिंहांच्या रथावर उभी आहे. बाकीच्या बहुतेक राष्ट्रांच्या देवता नुसत्याच उभ्या आहेत, त्यामुळे इटलीचा नग दुरूनही ओळखू येतो. त्याच्या कडेजवळ बारीक अक्षरांत कारखान्याचं नाव असतं. मिलानची स्तेफानो जॉन्सन, साक्किनी, लोरिओली-कास्तेल्ली, ही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. काही संग्राहक फक्त कारखान्यांच्या फरकांवर आयुष्य घालवतात. मला तो नाद नाही, पण पदक अस्सल आहे की नाही ठरवताना हे शिक्के उपयोगी पडतात.

इथे आपल्याकडच्या घरांशी खरा धागा जुळतो. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या अनेक घरांत पहिल्या महायुद्धात गेलेल्या पणजोबांची पदकं ट्रंकेत असतात. त्यात इंद्रधनुष्यी फितीचं सोनेरी पदक असेल तर ते याच विजयपदकाचं ब्रिटिश रूप. दोघांत मोठा फरक कडेवर आहे. ब्रिटिश पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. इटलीने आपलं विजयपदक बिननावाचं दिलं. म्हणून इटालियन नगासोबत कागद नसेल तर तो कुणाचा होता हे सांगणं जवळपास अशक्य असतं.

आणखी एक पदक आहे, ज्याच्यासमोर मला नेहमी थांबावं लागतं. 24 मे 1919 च्या आदेशाने युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आयांसाठी एक पदक काढलं गेलं. त्यावरचा मजकूर आईला उद्देशून आहे: वेदनेतून तुझ्या पोटी जन्मलेला मुलगा कीर्तीत पुन्हा जन्मतो आहे. हे शब्द सुंदर आहेत आणि मला ते अस्वस्थही करतात. ज्या बाईचं पोर परत आलं नाही तिला राज्याने दिलेलं ते उत्तर आहे, आणि त्या उत्तराने तिचं काय समाधान झालं असेल हे पदक सांगत नाही. ही पदकं बाजारात निघतात, माझ्या संग्रहात मी ते ठेवलेलं नाही. ठेवू नये असा नियम नाही, मला जमत नाही एवढंच.

युद्धातल्या सुवर्णपदकाच्या मानकऱ्यांत काही नावं इटलीतल्या अनेक गावांत रस्त्यांना आहेत. वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का, 34 विमानं पाडणारा, जून 1918 मध्ये मारला गेला. त्याच्या विमानावरचा उधळलेला घोडा पुढे त्याच्या आईने एन्झो फेरारीला वापरायला सुचवला आणि आज तो जगभर गाड्यांवर दिसतो. नौदलाचा लुइजी रित्सो, ज्याने छोट्या टॉर्पेडो बोटींतून 'वीन' आणि 'सेंट इश्तवान' या ऑस्ट्रियन युद्धनौका बुडवल्या, त्याला हे पदक दोनदा मिळालं. आणि मारिया प्लोत्स्नर मेन्तिल. ईशान्य इटलीतल्या कार्निया या डोंगराळ भागातल्या बायका पाठीवरच्या टोपल्यांतून दारूगोळा आणि अन्न डोंगरावरच्या आघाडीपर्यंत नेत. फेब्रुवारी 1916 मध्ये तिला गोळी लागली आणि ती गेली. सुवर्णपदक तिच्या नावावर लागलं 1997 मध्ये. एक्याऐंशी वर्षं लागली.

एक पदक माणसाला नव्हे, कुणालाच नाही आणि सगळ्यांनाच दिलेलं आहे. ऑक्टोबर 1921 मध्ये आक्विलेयाच्या चर्चमध्ये ओळख न पटलेल्या अकरा सैनिकांच्या शवपेट्या ठेवल्या होत्या. ज्या आईच्या मुलाचं शव कधी सापडलं नाही अशा मारिया बेर्गामासने त्यातली एक निवडली. ती पेटी आगगाडीने रोमला गेली आणि 4 नोव्हेंबरला तिथे तिला समाधी मिळाली. त्या अनाम सैनिकाला सुवर्णपदक आहे.

अधिकृत पदकांच्या जोडीला फौजा, डिव्हिजन, रेजिमेंट यांनी स्वतः काढलेली स्मरणपदकं असंख्य आहेत. आओस्ताचा ड्यूक एमान्युएले फिलिबेर्तो याच्या तिसऱ्या फौजेचं पदक त्यात सगळ्यात जास्त दिसतं. हा ड्यूक आपल्या इच्छेनुसार रेदिपुल्याच्या स्मारकात 1 लाखाहून अधिक सैनिकांसोबत विसावला आहे. अशी पदकं स्वस्त असतात, त्यांची कलाकुसर अनेकदा सरकारी पदकांपेक्षा सरस असते, आणि एका डोंगराचा, एका नदीचा इतिहास त्यांत पकडलेला असतो. नव्या संग्राहकाने इकडे जरूर बघावं.

खूप उशिरा, 1968 मध्ये, पन्नास वर्षं झाल्यावर, सरकारने हयात असलेल्या जुन्या सैनिकांना छोटं सोन्याचं पदक, 'व्हित्तोरिओ व्हेनेतो' सन्मानाचा क्रॉस आणि वर्षाला थोडी रक्कम दिली. कार्नियाच्या त्या टोपलीवाल्या बायकांनाही हा मान मिळाला. या सन्मानाचा शेवटचा मानकरी देल्फिनो बोर्रोनी ऑक्टोबर 2008 मध्ये गेला.

ज्यांच्यावर विजय मिळवला त्यांचं काय

आफ्रिकेच्या पदकांविषयी गप्प राहून हा लेख लिहिता येणार नाही. 1894 मध्ये राजा उंबेर्तोने आफ्रिकेतल्या मोहिमांसाठी पदक काढलं, लाल फीत, निळ्या कडा. दोनच वर्षांनी, 1 मार्च 1896 ला, अडवा इथे सम्राट मेनेलिकच्या इथिओपियन सैन्याने इटलीचा धुव्वा उडवला. या पदकाच्या मानकऱ्यांत इटलीच्या बाजूने लढलेले एरिट्रियन शिपाईही होते.

1911-12 च्या तुर्कस्तानविरुद्धच्या युद्धाचं पदक निळ्या-लाल रेघांच्या फितीचं. लिबिया तिथून इटलीच्या ताब्यात गेला, आणि विमानातून बाँब टाकण्याची पहिली घटना याच युद्धात, 1 नोव्हेंबर 1911 ला घडली. बाँब हाताने टाकले होते, लेफ्टनंट जुलिओ गावोत्तीने.

मग मुसोलिनीची राजवट. या काळातली पदकं ओळखायला दोन खुणा पुरतात. पहिली रोमन आकडे. फॅसिस्टांनी 1922 च्या रोमवरील मोर्चापासून स्वतःचा शक मोजायला सुरुवात केली, वर्ष ऑक्टोबरअखेर बदलायचं. पदकावर चौदा हा रोमन आकडा असेल तर काळ ऑक्टोबर 1935 ते ऑक्टोबर 1936. दुसरी खूण राजाच्या बिरुदाची. मे 1936 मध्ये इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा पडल्यावर तो 'राजा आणि सम्राट' झाला. पदकावर नुसतं 'इटलीचा राजा' असेल तर ते बहुधा त्याआधीचं.

इथिओपियाच्या युद्धाची पदकं आणि तुकड्यांची स्मरणपदकं आज ढिगाने मिळतात. त्यांवर ठळक, आक्रमक, देखणी चित्रं आहेत. त्या मोहिमेत इटलीने मोहरी वायू वापरला, गावांवर विमानांतून सोडला, आणि सम्राट हैले सेलासीने जून 1936 मध्ये राष्ट्रसंघात उभं राहून ते सगळ्या जगाला सांगितलं. ही पदकं संग्रहात ठेवावीत असं माझं मत आहे, कारण पुरावा लपवल्याने कुणाचं भलं होत नाही. पण ती ठेवणाऱ्याने शेजारी ही माहितीही ठेवावी. नुसत्या देखणेपणावर भाळून भिंतीवर टांगणं मला मान्य नाही.

या साम्राज्याचा शेवट घडवण्यात भारतीय पलटणींचा मोठा हात आहे. 1941 मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरात मराठा पलटणी लढल्या. खडकीच्या बाँबे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे प्रेमिंद्रसिंग भगत यांनी इटालियनांनी पेरलेले सुरुंग सलग चार दिवस काढले आणि व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळवला. मे 1941 मध्ये अंबा अलागीला इटालियन सेनापती शरण आला, समोर ब्रिटिशांसोबत भारतीय फौजा होत्या. तो सेनापती म्हणजे आओस्ताचा ड्यूक अमेदेओ, तिसऱ्या फौजेच्या त्या ड्यूकचाच मुलगा. इटलीने त्याला सुवर्णपदक दिलं. तो पुढच्या वर्षी नैरोबीत कैदेत वारला.

मुकुट गेला, तारा आला

8 सप्टेंबर 1943 ला इटलीने शस्त्रसंधी जाहीर केली आणि देशाचे दोन तुकडे झाले. दक्षिणेत राजा आणि दोस्त सैन्य, उत्तरेत जर्मनांच्या आधाराने मुसोलिनीचं नवं सरकार. दोघेही शौर्यपदकं देत होते. राजाच्या पदकावर सव्हॉयची ढाल होतीच, मुसोलिनीच्या सरकारने ती काढून उभी रोमन तलवार बसवली. तलवारीचे हे नग कमी काळ निघाले, मागणी जास्त, त्यामुळे बाजारातले फार थोडे खरे असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

2 जून 1946 च्या सार्वमताने राजेशाही गेली. 1948 मध्ये प्रजासत्ताकाचं चिन्ह ठरलं: दातेरी चक्रावर पाचटोकी तारा, बाजूंना ऑलिव्ह आणि ओकच्या फांद्या. शौर्यपदकावर ढालीच्या जागी ते आलं आणि युद्धक्रॉसवरची राजाची आद्याक्षरं जाऊन प्रजासत्ताकाची आद्याक्षरं आली. एक मेख मात्र आहे. पदक कधी दिलं गेलं आणि शौर्य कधी घडलं हे वेगळं असू शकतं. 1942 च्या कामगिरीसाठी 1950 मध्ये मिळालेल्या पदकावर तारा असतो, मुकुट नसतो. त्यात काही खोट नाही. उलट तसं नसेल तर चौकशी करावी.

प्रजासत्ताकाने सुवर्णपदकं माणसांबरोबर गावांनाही दिली. सप्टेंबर-ऑक्टोबर 1944 मध्ये नाझींनी जिथे शेकडो गावकरी मारले त्या मार्त्साबोत्तोच्या नगरपालिकेला ते आहे. ग्रीसच्या केफालोनिया बेटावर शस्त्रं ठेवायला नकार देऊन कत्तल झालेल्या आक्वी डिव्हिजनच्या रेजिमेंटच्या निशाणांनाही आहे.

हातात घेऊन बघताना

पदक ठशाखाली दाबून पाडलेलं आहे की साच्यात ओतलेलं, हे आधी बघायचं. ठशाच्या नगावर अक्षरांच्या कडा धारदार असतात, मोकळी जागा गुळगुळीत. अस्सल पदकावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत अक्षरं मऊ पडतात, भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात, कडेवर जोडाची रेघ किंवा कानशीचे ओरखडे सापडतात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते. व्हर्नियर कॅलिपर आणि सोनाराकडचा असतो तसा छोटा काटा, एवढं जवळ ठेवलं तरी अर्धी फसवणूक टळते.

फितीसाठी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अनेक धाग्यांत चकाकी आणणारं रसायन असतं, ते या प्रकाशात निळसर चमकतं. 1920 च्या पदकाची फीत चमकली तर ती नंतर बदललेली आहे. फीत बदलणं गुन्हा नाही, सैनिक स्वतःही बदलत, पण विकणाऱ्याने ती मूळची म्हणून सांगितली असेल तर बाकीच्या बोलण्यावरही शंका घ्यावी.

कोरलेल्या नावाचं कोडं सगळ्यात अवघड. बिननावाचं चांदीचं शौर्यपदक घ्यायचं, त्यावर प्रसिद्ध वीराचं नाव कोरायचं आणि दहापट किमतीला विकायचं, हा जुना धंदा आहे. भिंगातून अक्षरांच्या खोबणीत बघा. पदकाचा पृष्ठभाग काळवंडलेला आणि खोबणीचा तळ लख्ख असेल तर अक्षरं कालची आहेत.

साफसफाई करू नका. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंचेने नाहीतर पितांबरीने घासून चकचकीत करण्याची सवय हाताला असते, ती इथे आवरावी लागते. ब्राँझवरचा तपकिरी थर शंभर वर्षांत बसलेला असतो, तो गेला की पदकाचं वयही गेलं आणि किंमतही. मुंबई आणि कोकणच्या दमट, खारट हवेत हिरवे ठिपके धरतात, म्हणून डबीत सिलिका जेल ठेवायचं आणि ते पावसाळ्यात बदलत राहायचं. मऊ पीव्हीसीचे पाऊच टाळावेत, त्यांतून निघणारं आम्ल धातूला खातं. पॉलिएस्टरचे पाऊच चांगले.

आणि कागद. इटलीत पदकासोबत 'ब्रेवेत्तो' म्हणजे प्रशस्तिपत्र मिळत असे आणि प्रत्येक सैनिकाची सेवानोंद ठेवलेली असे, ती आज जिल्ह्याजिल्ह्यांच्या सरकारी अभिलेखागारांत आहे. शौर्यपदक मिळालेल्यांची संघटना, 'इस्तितुतो देल नास्त्रो अझ्झुर्रो', 1923 मध्ये स्थापन झाली आणि तिने मानकऱ्यांची यादी इंटरनेटवर ठेवली आहे. राष्ट्रपतिभवनाच्या संकेतस्थळावर सुवर्णपदकांमागची शौर्यकथा वाचता येते. नाव कोरलेलं पदक विकत घेण्याआधी ते नाव, ठिकाण आणि तारीख तिथे जुळते का हे पाहायला दहा मिनिटं लागतात.

शेवटी एक नेहमीचा गोंधळ. हिरव्या-पांढऱ्या-लाल रेघांच्या फितीचा, सहाटोकी ताऱ्याच्या आकाराचा बिल्ला घरात सापडला की लोक इटलीचं पदक म्हणून फोटो पाठवतात. तो 'इटली स्टार', ब्रिटिश सरकारने 11 जून 1943 ते 8 मे 1945 या काळात इटलीच्या आघाडीवर लढलेल्यांना दिलेला. तो मिळाला असेल तर तुमचे आजोबा बहुधा मराठा पलटणीतून किंवा सॅपर्समधून तिथे गेले असतील, जिथे नाईक यशवंत घाडगे यांनी 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 ला सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे यांच्या स्मरणार्थ मोन्तोने गावात 2023 मध्ये सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं आहे. असा स्टार हाती असेल तर तो विकायची घाई करू नका. आधी पलटणीचं नाव आणि सैनिकाचा नंबर घरच्या जुन्या कागदांत शोधा, पेन्शनच्या पुस्तकात तो बहुधा असतो, आणि मग रेजिमेंटच्या केंद्राला पत्र लिहा. मराठा पलटणीचं केंद्र बेळगावला आहे, बाँबे सॅपर्सचं खडकीला.